माथेरानचा बांगडा

नवीन पनवेल,
शुक्रवार, सकाळ
(चहा दोनदा झाला आहे, तिसरा मागायची हिंमत नाही.)

ती. सौ. सुनीताताईस,

अविनाशचा नमस्कार. एरवी वाकून केला असता, पण कालपासून गुडघे वाकत नाहीत, तेव्हा उभ्यानेच घालतो, तो गोड मानून घे. तुझी शुगर कशी आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजून रेवदंडाभर ऐकू येतो? तिकडे थंडी पडली असेल. इकडे थंडीचा पत्ता नाही, तरी मला कापरं भरलं आहे, आणि त्याचं कारण सांगायलाच हे पत्र. फोन करत नाही, कारण फोनवर तू मध्येच हसतेस आणि यात हसण्यासारखं काहीही नाही. शिवाय आमचं घर तुला माहीत आहे. हॉलमध्ये बोललेलं स्वयंपाकघरात आधी ऐकू जातं. म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो तुझ्या व्हॉट्सॲपवर पाठवणार आहे. चष्मा लावून वाच, आणि भावोजींना मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

तर, इराचं लग्न माझ्यामुळे मोडलं आहे. म्हणजे अजून मोडलेलं नाही, पण मोडणार. थोडक्यात सांगतो. (हसलीस ना? मला इथे दिसलं.) इराने तुला प्रणितबद्दल सांगितलंच आहे. बंदरावरच्या एका कंपनीत दोघं शेजारी शेजारी बसतात. मुलगा करंजाचा, कोळ्याच्या घरचा, शांत, हसरा, आणि मुख्य म्हणजे माझं बोलणं पूर्ण ऐकून घेणारा. असा माणूस आपल्या घरात आजवर आलेला नाही. त्याचे वडील काशिराम, त्यांची स्वतःची बोट आहे. ते केव्हाच तयार झाले. पण बोट जरी काशिरामरावांची असली तरी घर प्रणितच्या आईचं, म्हणजे गुणाबाईंचं, आणि त्या 'हो'ही म्हणेनात आणि 'नाही'ही म्हणेनात. आईने मनापासून होकार दिल्याशिवाय लग्न करायचं नाही, असं प्रणितने ठरवलंय, आणि आमची इरा त्यावर 'बरोबर आहे त्याचं' म्हणून आठवडाभर उशीत तोंड घालून पडली होती. मला बघवेना गं.

आता गुणाबाईंना अडचण काय, तर आपण. त्यांना वाटतं, ही शिकलेली, पोळीभाजी खाणारी माणसं, उद्या आपल्या दारात नाकाला रुमाल लावून बसतील. आणि असं वाटायला आम्ही कारणही दिलं. ते सगळे पहिल्यांदा आमच्याकडे आले ती दिवेलागणीची वेळ. आशालताने रोजच्यासारखी देवापाशी उदबत्ती लावली. रोज लावते ती! पण नेमक्या गुणाबाई आत येऊन सोफ्यावर टेकल्या आणि हिने काडी पेटवली. त्या नुसत्या पदर सावरून कडेला सरकल्या आणि चहा अर्धा ठेवून उठल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात उदबत्ती बंद आहे, देव बिचारे तसेच बसलेत.

म्हणून मी विचार केला, आपल्या घरी नको, त्यांच्या घरी नको, दोन्ही घरांनी मिळून मोकळ्या हवेत जावं. माथेरान! पनवेलहून हाकेच्या अंतरावर, गाड्यांचा धूर नाही, हॉर्न नाही, माणसं चालता चालता आपोआप बोलायला लागतात. शनिवार-रविवारी तिथे मुंग्यांसारखी माणसं असतात, म्हणून मी गुरुवार ठरवला. आशालता म्हणाली, 'अहो, गुरुवार आहे.' मी म्हटलं, 'म्हणूनच!' तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि दशम्या करायला घेतल्या. ताई, बायको जेव्हा अशी बघते तेव्हा थांबून विचारावं, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नाही.

आणि मी एक बेत मनात ठेवला होता. कोणालाच सांगितलं नव्हतं, सरप्राइज होतं. तिथल्या एका जुन्या हॉटेलात आधीच फोन करून मी सहा माणसांसाठी मासळीचं जेवण सांगून ठेवलं. आपण सगळ्यांनी, हो, मी आणि आशालतानेसुद्धा, त्यांच्या पंगतीला बसून मासे खायचे, म्हणजे तो रुमालाचा विषय कायमचा मिटला. मॅनेजरने दोनदा विचारलं, 'साहेब, गुरुवारी नक्की?' मी म्हटलं, 'अहो, पाहुणे कोळी आहेत!' त्यावर तो 'बरं' म्हणाला. कसल्या आवाजात म्हणाला ते आत्ता आठवतंय.

दस्तुरीला गाडी लावेपर्यंत सगळं ठीक होतं. गुणाबाई नवी साडी, केसात वेणी, कपाळभर कुंकू अशा आल्या होत्या. मला वाटलं, सहलीसाठी. तिथून पुढे गाडी जात नाही हे तुला माहीत आहे. घोडेवाले मागे लागले. मी पाहुणचार म्हणून गुणाबाईंना घोड्यावर बसवायचा आग्रह धरला, तर त्या म्हणाल्या, 'त्याला काय पाप लागलं हाय, मना उचलायला?' आणि तरातरा चालायला लागल्या. मग मलाही चालणं भाग पडलं. आशालता, इरा आणि काशिरामराव रुळांवरच्या छोट्या आगगाडीने वर गेले, प्रणित आमच्या मधे चालत होता, आणि मी त्या लाल धुळीत गुणाबाईंच्या मागे धापा टाकत जंगलाची माहिती देत होतो. जांभळाची झाडं, अंजनीची झाडं. (त्यातली निम्मी झाडं कसली ते मला ठाऊक नाही. पण गप्प बसलो तर आपण शिष्ट वाटू, ही भीती.)

काशिरामरावांचं निराळंच. कुठल्याही पॉइंटवर नेलं की ते दरीकडे पाठ केल्यासारखे उभे राहून विचारायचे, 'करंजा कुठल्या अंगाला?' मी अंदाजाने हात दाखवायचा. प्रत्येक पॉइंटवर माझा हात निराळ्या दिशेला जात होता हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण पुढे पुढे ते मला न विचारता सूर्याकडे बघून स्वतःच ठरवायला लागले. धुक्यात समुद्र काही दिसला नाही. त्यांचं तोंड उतरलं, की मी त्यांना पुढच्या पॉइंटकडे ओढायचो. वाटे, दरी आवडली नाही, म्हणजे आपण आवडलो नाही.

पण एको पॉइंटला जरा जमलं. एका माकडाने माझ्या हातातली चष्म्याची डबी पळवली आणि कठड्यावर बसून उघडायला लागलं. मी 'शुक शुक' करत होतो. गुणाबाई पुढे झाल्या, कमरेवर हात ठेवला आणि करंजाच्या धक्क्यावर मासळीचा लिलाव चालतो त्या आवाजात एकदाच ओरडल्या, 'ठेव रं मेल्या!' माकडाने डबी ठेवली. समोरच्या डोंगरानेही 'मेल्या, मेल्या' म्हटलं. कड्यावरच्या सगळ्या पर्यटकांनी हातातलं काही ना काही खाली ठेवलं. गुणाबाईंना हसू आलं, आशालता हसली, दोघी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून हसल्या. इराने माझा हात दाबला. ताई, तेव्हाच परत फिरलो असतो तर! पण माझ्या डोक्यात जेवण होतं.

हॉटेलात बसलो. मी वेटरला खूण केली. सहा ताटं आली, प्रत्येकात एक अख्खा तळलेला बांगडा, डोक्यासकट. काशिरामराव खिडकीबाहेर बघायला लागले. प्रणितने पाण्याचा पेला उचलला तो खाली ठेवेचना. मला वाटलं, आमच्यासमोर खायला संकोचतात बिचारे, आम्हाला किळस येईल म्हणून! माझं मन भरून आलं. मी उभा राहिलो. म्हटलं, 'अजिबात संकोच करू नका, आता आपण एका घरची माणसं,' आणि त्या बांगड्याच्या डोळ्याला डोळा न देता एक मोठा तुकडा तोंडात टाकला. जन्मात पहिल्यांदा! इरा टेबलाखालून लाथा मारत होती. मला वाटलं, शाब्बास म्हणतेय. तरी कोणी खाईना. म्हणजे माझं खाणं त्यांना खरं वाटत नाही, असं समजून मी तो पुरा संपवला. तरीही कोणी खाईना. मग आशालताच्या ताटातलाही घेतला. त्या दुसऱ्याचा काटा घशात अडकला.

मी निळा पडलो म्हणे. गुणाबाई ताडकन उठल्या, पाठीत दोन धपाटे घातले, आपल्या पिशवीतून केळं काढलं, सोललं आणि माझ्या तोंडात कोंबलं. 'चावू नका, गिला!' म्हणाल्या. गिळलं. काटा गेला. मी डोळे पुसत विचारलं, 'आपण जेवत का नाही?' त्या शांतपणे म्हणाल्या, 'आज गुरवार हाय. मार्गशीर्षातला. लक्षुमीचा उपास हाय मना. आमच्या घरान कोनच खात नाय आज.'

ते केळं त्यांच्या उपासाचं होतं, ताई.

म्हणजे चित्र बघ. महालक्ष्मीच्या गुरुवारी एक कोळ्याचं कुटुंब हात आवरून बसलंय आणि पोळीभाजी खाणारा मुलीचा बाप उभा राहून, भाषण करून, दोन बांगडे खातोय. पुढे त्यांनी साबुदाणा मागवला आणि आम्ही दशम्या खाल्ल्या. त्यांना संध्याकाळच्या नैवेद्याला घरी पोचायचं होतं, म्हणून लगबगीने उतरलो. वाटेत चिक्कीसुद्धा घेतली नाही. मी गाडीपाशी हात जोडून म्हटलं, 'मग काय ठरवताय?' (आशालता म्हणते, हे विचारायची ती वेळ नव्हती.) गुणाबाई म्हणाल्या, 'बगू.' नुसतं 'बगू'. त्यानंतर इरा माझ्याशी बोललेली नाही. सकाळी डबा घेऊन गेली, 'येते' म्हणायच्याऐवजी दार लावून घेतलं.

मला भीती ही, की त्यांना वाटलं असेल, आम्ही मुद्दाम केलं. देवीची चेष्टा केली. किंवा त्याहून वाईट, की कोळी म्हटल्यावर यांना मासळीखेरीज काही दिसतच नाही. आणि हे दुसरं, खरं सांगायचं तर, खोटं म्हणता येत नाही. म्हणून तुला हात जोडून विनंती. तू मासे खाणाऱ्या घरात इतकी वर्षं नांदलीस, तुला त्या माणसांशी बोलायची रीत माहीत आहे. गुणाबाईंना फोन कर. सांग, की आमचा अविनाश वेंधळा आहे, पण नाक मुरडणारा नाही. पोर माझी एकच आहे गं, तिचं तोंड बघवत नाही.

भावोजींना नमस्कार. खोकल्यावर ज्येष्ठमध घ्या म्हणावं.

तुझा धाकटा आणि धास्तावलेला भाऊ,
अविनाश

ता. क. : फोटो काढायला कागद टेबलावर पसरले आणि इराचा फोन आला. रडत होती. मी खुर्चीत बसूनच घेतलं. पण ताई, होकार आला! गुणाबाईंनी सकाळी स्वतः तिला फोन केला. म्हणाल्या, 'तुज्या बापानी जल्मान मासा खाल्ला नाय, त्याला काटा काढता येत नाय, मना तवाच समजला. आनि तो मासा बर्फान म्हातारा झालेला, आमी कुत्र्यालाबी घातला नसता. तो त्यानी आमच्यासाठी गिलला. ज्या बापाला पोरीसाठी येवरा सोसवतं, त्याची पोर मना पायजे.' मी रडलो. आशालता रडली. मग तिने उदबत्ती लावली.

ता. क. २ : तेव्हा तू गुणाबाईंना फोन करू नकोस. अजिबात करू नकोस. मार्गशीर्ष संपला की आम्हाला करंजाला जेवायला बोलावलं आहे. तूही यायचंस. बाकी सगळ्यांना ताजी पापलेटं आणि कोळंबी, आणि मी पुन्हा असा छळ सोसू नये म्हणून मला एकट्याला वालाचं बिरडं आणि पडवळाची भाजी. माझ्यासाठी गुणाबाई नवं पातेलं घेणार आहेत. यापुढे दर वेळी त्यातच माझं वेगळं शिजेल, असं त्यांनी इराला शब्द देऊन सांगितलंय.

ता. क. ३ : (हे फक्त तू वाच आणि फोटो पुसून टाक.) ताई, मला तो बांगडा आवडला. म्हातारा असला तरी आवडला. आशालताच्या ताटातला घेतला तो काही इरासाठी घेतला नव्हता. आता बोलायची सोय उरली नाही, कारण सगळं लग्नच माझ्या सोसण्यावर उभं आहे. तेव्हा खरं काम हे : लग्नात तू गुणाबाईंच्या शेजारी उभी राहा, आणि अक्षता पडल्या की लगेच त्यांच्या कानात सांग, 'आमच्या अविनाशला चालतं.' आधी नको. हळदीच्या रात्री त्यांच्याकडे मटणामासळीचं मोठं जेवण असतं म्हणे, ते माझं जाईल. जाऊ दे. पोरीसाठी बापाने एवढं तर सोसायलाच हवं.