सतराव्या मजल्यावरच्या चार डब्या

दादा, आई आता एकटी राहते. आपली चाळ पाडली आणि तिथेच उभ्या राहिलेल्या इमारतीत सतराव्या मजल्यावर तिला घर मिळालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि संडास-बाथरूम घरातच. तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. घरात संडास म्हटल्यावर तुम्ही आधी नाक मुरडलं असतं आणि मग हळूच दार उघडून बघून आला असता, हे मला माहीत आहे. आईनेही तेच केलं. नळ सोडून पाहिला आणि म्हणाली, "ह्यांना एवढं बघायला मिळायला हवं होतं."

मी अँटॉप हिलला सरकारी क्वार्टर्समध्ये राहते. माझ्याकडे चल म्हणून तिला किती वेळा सांगितलं. तिचं उत्तर ठरलेलं. "माझं घर आहे ना? मग दुसऱ्याकडे कशाला?" लेकीचं घर तिच्या लेखी दुसऱ्याचंच.

नव्या घरात जाऊन चार महिने झाले असतील, तेव्हा ती बाथरूममध्ये पडली. सकाळी सातला अंघोळीला गेली, पाय सरकला, खुब्याला मार बसला आणि उठताच येईना. आतून कडी, फोन बाहेर टीव्हीजवळ. चाळीत ती पाण्याच्या वेळेला नळावर दिसली नसती तर समोरच्या काकूंनी लगेच हाक मारली असती. काकू इथेही समोरच आहेत, पण आता दोन्ही दारं बंद असतात, आणि पाणी घरातच येत असल्यामुळे नळावर कुणी कुणाला भेटत नाही. दुपारी तीनला विहारात जायचं म्हणून काकू तिला बोलवायला आल्या आणि बेल वाजवत राहिल्या. तेव्हा आईने आतून बादलीवर मग आपटला. वॉचमनने कड्या तोडल्या. आठ तास ती त्या ओल्या लादीवर पडून होती, दादा. हाड मोडलं नव्हतं, एवढंच नशीब. दवाखान्यातून सोडताना मी म्हटलं, "आता तरी माझ्याकडे चल." ती म्हणाली, "मला घरी सोड." कुठलं घर ते विचारायची गरज नव्हती.

मग मी कॅमेरा आणला. आईने तो हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला.

"हा कुठं लावणार?"

"हॉलमध्ये. तू बरी आहेस की नाही, ते मला ऑफिसातून दिसेल."

"मी लुगडं हॉलमध्ये बदलते."

मी भिंतीवर दुसरी जागा शोधू लागले. ती म्हणाली, "तुझे वडील मिलच्या गेटवर रोज झडती देऊन बाहेर यायचे. हात वर करून. घरी आले की पाणी पिईपर्यंत बोलायचे नाहीत. मी माझ्या घरात तसे हात वर करून नाही राहायची."

तुमच्या झडतीचं मला माहीतच नव्हतं. मला आठवला तो वेगळाच दिवस. मी आठ-नऊ वर्षांची आहे, गॅलरीत शेवटच्या खोलीतली म्हातारी दिवसभर काय करते ते बघायला तिच्या खिडकीचा पडदा बोटाने सारते आहे, आणि तुम्ही मागे उभे आहात. तुम्ही मारलं नाहीत. खांद्याला धरून तिच्या दाराशी नेलंत. "आजीला हाक मार. बघायचंय तर विचारून बघावं. आणि तिला काही हवं का, तेही विचार." मी शरमेने रडकुंडीला आले होते. म्हातारीने मुठीत चणे दिले, आणि पुढे कितीतरी दिवस मी तिचं पाणी भरून दिलं.

कॅमेरा मी परत केला. शोधता शोधता दुसरी वस्तू सापडली. काडेपेटीएवढ्या चार डब्या, म्हणजे सेन्सर. एक मुख्य दाराला, एक बाथरूमच्या दाराला, एक फ्रिजला, एक पॅसेजमध्ये. बसवायला आलेले गृहस्थ आईसमोर खाली बसले आणि माझ्याशी न बोलता तिच्याशीच बोलले. "आजी, ह्यांना दिसत नाही, ऐकूही येत नाही. दार उघडलं, माणूस चाललं, एवढंच कळतं. सकाळी नऊपर्यंत काहीच हललं नाही तर ताईंचा फोन वाजेल, मग समोरच्या काकूंचा. आणि हे बटण गळ्यात. पडलात तर दाबा."

आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी उठले ते हिला कळणार. मग ही घरी पोचली ते मला कोण सांगणार?"

ते हसले. "तेही होतं की." असं करून पाचवी डबी माझ्या दाराला लागली. मी संध्याकाळी कुलूप उघडलं की आईच्या ओट्यावर एक छोटा हिरवा दिवा लागतो. मला उशीर झाला की तिचा फोन येतो, "दिवा नाही लागला अजून." बाजारात रेंगाळायची सोय राहिली नाही.

मागच्या थंडीत फोनवर डब्यांची नोंद बघताना माझ्या लक्षात आलं, की तीन दिवस बाथरूमचं दार नेहमीच्या दुप्पट वेळा उघडतं आहे. मी फोन करून सरळ विचारलं. आधी नाही म्हणाली, मग म्हणाली, "जळजळ होते. तुला कशाला त्रास म्हणून..." डॉक्टरांनी लघवी तपासली, गोळ्या दिल्या. आठवड्यात बरी झाली. वेळेत आलात, म्हणाले. परतताना लिफ्टमध्ये आई काकूंना सांगत होती, "आमच्या डब्या लबाडी चालू देत नाहीत." तक्रार होती, पण स्वरात ऐट होती. आता काकूंनाही त्या हव्या आहेत. आई त्यांना कोणती कुठे लावायची ते समजावते. एकटीच विहारात जाते, लाल माठाची जुडी घेऊन येते, स्वतःपुरती भाकरी थापते. तिला असं बघून मला म्हातारपणाची भीती कमी वाटते.

एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितलेली नाही. ती पडली त्या सकाळी आठचा तिचा रोजचा फोन आला नव्हता. कामाच्या गडबडीत लक्षातच आलं नाही, असं मी तिला सांगितलं. लक्षात आलं होतं, दादा. ऑफिसात तपासणी होती, आणि माझ्या मनात आलं होतं, बरं झालं, आज अर्धा तास वाचला. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, माझ्या टेबलाच्या खणातच राहील. रविवारी जेवायला जाणार आहे, तेव्हा तिला सांगेन. आधी तुम्हाला सांगून पाहिलं.