दिवाणखान्याची लाल दोरी

१४ एप्रिल
क्रॉस हाउसची देखरेख आजपासून माझ्याकडे. राहायला मागच्या अंगाच्या दोन खोल्या, खिडकीतून ओहायो नदी, दारात फुललेलं डॉगवुडचं झाड. आणखी काय हवं? राष्ट्रीय स्मारकाची पाटी मी आल्या आल्या पुसून घेतली. पणजीची १८६० सालची कोरी कातडी वहीही आज उघडली. चांगला कागद पडून राहू देणं मला पटत नाही.
हे घर १८६८ सालात थांबवलं आहे. त्यानंतरची एकही वस्तू दालनांत नको, हा इथला नियम. मला नियम आवडतात.
पाहुण्यांना घर दाखवते बर्डी केसलर. त्या काळच्या मालकीणबाई मिसेस क्रॉस यांचा निळा झगा घालून, त्यांच्याच तोंडून बोलल्यासारखं. गुबगुबीत आणि बडबडी. रूबार्बचा केक घेऊन आली आणि पहिल्याच भेटीत मला ‘अगं राणी’ म्हणाली. मी मिस स्ट्राउड आहे, असं तिला सांगितलं. केक बरा होता.

२ मे
लोक बर्डीवर जीव टाकतात. म्हातारे टोप्या काढतात, मुलं झग्याला लोंबकळतात. नवऱ्याने हा पियानो माझ्यासाठी होडीतून आणला, असं ती डोळे पुसत सांगते. साफ खोटं. पियानो लिलावातला आहे, हे मी सर्वांसमोर सांगितलं. गळक्या छताकडे बघावं तसे सगळे माझ्याकडे बघू लागले. मग एका बाईने मला विचारलं, स्वच्छतागृह कुठे आहे?
मी कॉलेजात इतिहास शिकले आहे. बर्डीने शाळाही धड पुरी केलेली नाही.
शिवाय दिवाणखान्यात शिरताना ती पाहुण्यांना अडवणारी दाराची लाल मखमली दोरी उघडीच ठेवते. मी रागावले, तर म्हणाली, आत जिवंत माणूस असताना दोरी नसते अडकवायची. माझ्या सासूबाई आधी हेच काम करायच्या, त्यांनी मला बजावलंय. घराला वाटतं, आतलं माणूस त्याला ठेवायलाच दिलंय!
गावंढळपणा.

९ मे
सकाळी दिवाणखान्यात धूळ झटकली. आत गेल्यावर दोरी अडकवली, नियमाप्रमाणे. बाहेर आले तर मनगटावर घड्याळ नाही, नुसता न रापलेल्या कातडीचा पांढरा पट्टा. बर्डी स्वयंपाकघरात गुणगुणत होती. मी हे लक्षात ठेवलं आहे.

१६ मे
आज चष्मा. आत काम करता करता नाक हलकं झालं, इतकंच. खाली शोधलं, काही नाही.
विश्वस्तांचे अध्यक्ष टटल यांच्यासमोर मी बर्डीला चोर म्हटलं. ती रडली. दोरी लावली होती ना आतून, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती. टटलसाहेब म्हणाले, बायांनो, संस्थापक दिनाचा उत्सव तोंडावर आलाय, भांडणं पुरे! संस्थापक दिनाला मिसेस क्रॉस मीच होणार, असं मी त्यांच्याकडून ठरवून घेतलं.
झगा मला बर्डीपेक्षा चांगला बसतो. आता स्वच्छतागृह कोण विचारतं, बघू.

३० मे, संस्थापक दिन
टाळ्या पडल्या. बर्डी साध्या स्वेटरमध्ये मागे उभी होती. तिच्या देखतच मी आतून दोरी अडकवली होती, मुद्दाम.
लोक गेले. वही आणि पेन झग्याच्या खिशात होतं, आतच बसून लिहिते आहे. दोरीची कडी निघत नाही. हातात येते, फिरते, सुटत नाही. दोरीखालून वाकले, तर पुन्हा दोरीच्या आतच. दाढेतलं चांदीचं भरणही गेलं आहे, जीभ सारखी त्या खड्ड्यात जाते.
बर्डी दारात आली. तिने बाहेरून हात लावायचा अवकाश, कडी सुटली असती. म्हणाली, नुसतं ‘काढ’ म्हणा, बाई, लगेच काढते. पण तिची नजर झग्यावर होती. मी पाहिलं ते.
मी म्हटलं, मी माझ्या घरात आहे. तू जा.
गेली.

३१ मे
कॉलेजचं नाव आठवत नाही. आवारातला घंटेचा मनोरा दिसतो — नाव नाही. कॉलेज १८६८ नंतरचं होतं.
नंतरचं सगळं हे घर काढून टाकतंय.
पण मग मी स्वतः —

जून
बर्डी आली. मला हाका मारत घरभर फिरली. दोरीपाशी थांबली. मी समोर उभी — तिची नजर माझ्यातून भिंतीवर. काढ म्हटलं. ओरडले. मागून आलेल्या टटलना म्हणाली, मिस स्ट्राउड न सांगता गेल्या हो, झगासुद्धा नेला.

आज बर्डीने नवा झगा शिवून आणलाय. हिरवा. लोक आलेत — ती पियानोचं सांगतेय, होडीतून आणला म्हणून — डोळे पुसतेय — खोटं आहे, लिलावात — कुणी ऐकत नाही —
बर्डी, काढ —
टाळ्या वाजवतायत. तिच्यासाठी —
बोटांतलं बॉलपेन हलकं होत चाल