आधी तोंड, मग पाय

ता. ३, सोमवार
पोचले एकदाची! खाडीच्या टोकाला दोन खोल्यांची प्रयोगशाळा, मागे माझं क्वार्टर. भरती चढली की बांधावरची वाट पाण्याखाली जाते. फोनला रेंज हवी तरी त्याच बांधावर जायचं. माणसं तीनच: प्रमुख बाई, रखवालदार काका आणि मी. काकांचा कुत्राही आहे, तो मात्र स्वतःलाच प्रमुख समजतो. नव्या प्रजातीचं वर्णन नीट झालं की नोकरी कायम आणि क्वार्टरही माझं, असं बाईंनी सांगून टाकलं. मग धाकटीला इथे आणीन. आई-बाबा गेल्यापासून ती मामीची बोलणी खातेय.

ता. ४, मंगळवार
नव्या प्रजातीचे आमचे हे दिवटे कुजक्या शेवाळाखाली राहतात. तांदळाच्या दाण्याएवढे, कोळंबीचे चुलतभाऊ, डिवचलं की टुणकन उडी. पुढच्या पायाचा चिमटा उलटा उघडतो, म्हणून ओळखीच्या कुठल्याच प्रजातीत बसत नाहीत. ते सिद्ध करायचं तर प्राणी सांध्यासांध्यातून सोडवावा लागतो. बाईंची शिस्त कडक: आधी तोंड, मग पाय. एका बाजूचे अवयव काढून ओळीने मांडायचे, दुसरी बाजू पडताळ्याला शाबूत ठेवायची. सगळे डावी बाजू काढतात. मी डावखुरी, मला उजवी सोयीची. बाई हसून म्हणाल्या, काढ उजवी, पण मग सगळ्यांची उजवीच काढ. आणि एकावर भागत नाही, त्याच घराण्यातला दुसरा नमुना लागतोच.

ता. ६, गुरुवार
आज स्पिरिटच्या बाटलीतून एकाला बशीत घेऊन जबडा काढताना त्याने माझी सुई धरली. घट्ट. बाई म्हणाल्या, कडक स्पिरिटने पाय ठिसूळ होतात म्हणून आपण ते पातळ करतो, ही नुसती मेल्यावरची थरथर. मी मान डोलावली, पण मला कळलं होतं. ते गुंगीत होते, मेलेले नव्हते. तरी मी कापत राहिले, कारण डोळ्यांपुढे धाकटी होती. बाटलीतले बाकीचे काचेला चिकटून बशीकडे तोंड करून बसले होते. मला फार घाण वाटली, स्वतःचीच.

ता. १०, सोमवार
बाटली रिकामी! झाकणाची चकती आतून कुरतडलेली. बाईंनी मलाच फैलावर घेतलं, झाकण धड लावता येत नाही म्हणून. मोरीच्या जाळीखाली सारखं सळसळतं. धाकटीचा फोन झाला, रविवारी ओहोटीला घर बघायला येतेय. पडदे कुठल्या रंगाचे, हे धाकट्या बाईसाहेबांनी आधीच ठरवलंय.

ता. १४, शुक्रवार
सकाळी कुत्रा माझ्या दारात. खालचा जबडा काढून बाजूला ठेवलेला. उजवीकडचे दोन्ही पाय सांध्यातून सोडवून ओळीने मांडलेले. डावी बाजू जशीच्या तशी. फरशीभर रक्त, आणि तो अजून बघत होता.
काकांनी फावड्याच्या एका घावाने त्याचे हाल संपवले. मग माझा गळा धरून डोकं भिंतीवर आपटलं, असं कापणारी इथे तूच म्हणाले. बाईंनी मला कशीबशी ओढून काढलं. कुत्र्याला खांद्यावर टाकून काका निघून गेले. त्यांचं काय चुकलं? पद्धत माझीच आहे.
धाकटीला येऊ नको म्हणून कळवायला धावले, तोवर बांध बुडाला होता.

ता. १५, शनिवार
बाई टेबलाखाली सापडल्या. आधी तोंड. मग उजवा दंड, उजवी मांडी. जिवंत होत्या — ओरडता येत नव्हतं, नुसती घरघर. दिवट्यांवर उकळतं पाणी ओतलं, बुटांनी चिरडले, चिखल होईपर्यंत चिरडले — मोरीतून आणखी येतात. कालपासून ओहोटीलाही बांधाची वाट त्यांच्या थरांनी काळी असते, फोनपर्यंत पोचता येत नाही. माझ्या पायाला चावले. दुखत नाही, बधिर होतो. पातळ गुंगी, आमच्यासारखीच. करावं तसं भरावं —

ता. १६, रविवार
जबडा नाही. जीभ हाताला लागत नाही —
उजवा पाय गुडघ्यापासून — उजवा हात फरशीवर, बोटं नीट मांडलीत. डावखुरी म्हणून लिहितेय —

मला मारत का नाहीत — आता कळलं. एकावर भागत नाही —

ओहोटी लागली. बांधावर तिचं गाणं. ताई, ए ताई, म्हणतेय.
ओरडता —
पान दाराखालून सरकवावं तर तिथे तेच, थरावर थर, सगळे दाराकडे तोंड करून —
कडी लावली नव्हती —
धाकटे, आत नको ये