भाऊजींचा न धुतलेला शर्ट

लूगांग, मंगळवार, देवाची उदबत्ती लावून झाल्यावर

ताई, धाकट्या यिन-हुआने तुला इथूनच वाकून नमस्कार केला आहे, तो पोचला असं समज. भाऊजींच्या कपड्यांचं गाठोडं मिळालं. आत निघालं ते असं: लोकरी पँटी दोन, रेनकोट एक, उशीच्या अभ्र्यात घातलेला निळा शर्ट एक, सुक्या माकुळांची पुडी एक (तिचा वास पँटींना लागलाय, पण वासाचे कुणी पैसे घेत नाही). टपालखर्च तू भरलास. पँटी आखूड करायला शिंपिणीने साठ युआन घेतले. भाऊजी केवढे उंच होते आणि आमचे हे केवढे, ते तेव्हा कळलं. तुझे गुडघे कसे आहेत? कीलुंगचा पाऊस उघडला का? भाऊजींना जाऊन अर्धं वर्ष झालं आणि तू एकदाही डोळ्यांतून पाणी काढलं नाहीस, म्हणून इकडे सगळे तुझं नाव काढतात. मीसुद्धा देवळात माझू मातेपुढे म्हणते, आई, माझ्या ताईच्या मनाला दिलीस त्यातली चिमूटभर ताकद आमच्या ह्यांना दे.

ह्यांचं तुला लिहिलंच नव्हतं. भूकंपात आमची बशी एकच फुटली, पण तेव्हापासून हे घराबाहेर पडेनात. झोपायचं तेही बूट घालून. छपरावरची टाकी गळते, तिकडे मान वर करून बघायचे नाहीत. मच्छीमार सोसायटीतली रजा संपत आली, आणि साहेबांचं पत्र आलं की महिनाअखेर हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. साहेब तसे दयाळू. तैपेईच्या कुणा मनोबल वाढवणाऱ्या गुरुजींची टेपही त्यांनी सोबत पाठवली होती. रोज सकाळी आरशापुढे उभं राहून छातीवर हात आपटायचा आणि ‘मी खडक आहे’ असं ओरडायचं. ह्यांनी आपटला, आरसा हलला आणि खडक टेबलाखाली गेला. (आरसा ह्यांच्याच कोपराने हलला होता, पण ते पटवायला दुपार गेली.) मग थंड पाण्याच्या आंघोळी झाल्या, त्यातून पडसं मिळालं. शेवटी शेजारच्या लियाओबाई म्हणाल्या, अगं, मन बळकट करायला ते आधी जागेवर नको का? त्यांचा जीव घाबरून कुठेतरी सांडलाय, तो गोळा करून आण.

म्हणून मी गेले देवळातल्या निळ्या झग्यातल्या आजीकडे, लहानपणी आपल्याला आई न्यायची तशीच. माणूस येत नसेल तर त्याच्या अंगावरचा कपडा चालतो, मात्र न धुतलेला हवा. आता माझ्या घरात न धुतलेला कपडा कुठला मिळायला? तेवढा तुझ्याकडचा निळा शर्ट सापडला. ह्यांनी गाठोड्यातून काढून आदला दिवसभर घातला होता, तोच नेला. आजीने ह्यांचं नाव, पत्ता, जन्मतिथी विचारली, तांदळाच्या वाटीला शर्ट गुंडाळला, वरून उदबत्ती फिरवत पुटपुटली. मग शर्ट सोडून तांदळावर पडलेल्या खळग्यांकडे बघतच राहिली. म्हणाली, जीव आलाय, चांगला धीट आहे, पण घरचा पत्ता ऐकून जरा थबकला. मी म्हटलं, थबकणारच, आमचं माणूसच तसं. त्या तांदळाची पेज करून ह्यांना पाजली. (तसं करायचंच असतं, मी काटकसर म्हणून केलं नाही.)

दुसऱ्या दिवशी हे अनवाणी उठले, छपरावर चढून टाकीची गळती बंद केली आणि शीळ घालत कामावर गेले. साहेब खूश, मी खूश, माझू मातेला अननस वाहिला. मग एकेक दिसायला लागलं. चॉपस्टिक्स डाव्या हातात. पँटी कुणी कापल्या म्हणून कुरकुर. स्वतःचे मोजे कोणत्या कप्प्यात आहेत ते मला विचारलं, आणि विचारताना मला ‘मुंगीबाई’ म्हणाले. ताई, मला मुंगीबाई म्हणणारा माणूस जगात एकच होता, तुझ्या लग्नात मी उरलेल्या साखरेच्या पुड्या बांधून नेल्या तेव्हापासून. मी वळून पाहिलं. चेहरा आमच्या ह्यांचाच, कपाळावरच्या तिळासकट, पण त्यातून कुणीतरी माझ्याकडे मेहुणीकडे बघावं तसं अदबीने बघत होतं. रात्री आपण होऊन चटई घेऊन बाहेरच्या खोलीत झोपायला गेले. माझ्या अंगावर काटा आला. वागणं सभ्य होतं म्हणून तर जास्तच.

परवा जेवताना त्यांनी वाडगा खाली ठेवला.

“मुंगीबाई, ती रडली का?”

“नाही भाऊजी,” माझ्या तोंडून निघून गेलं. “खंबीर आहे ती. सगळे कौतुक करतात.”

“मग मला निघता येत नाही,” म्हणाले, आणि भांडी घासायला उठले.

मी आजीकडे धावले. तिने आधी मला झापलं, की गेलेल्या माणसाचे कपडे जाळायचे असतात, मागवून आखूड करायचे नसतात. मग म्हणाली, तुझ्या नवऱ्याचा शर्ट आण, त्याला गोळा करून देते, पण आधी आलेला पाहुणा आपल्या पायांनी उठू दे. मी कुणाला धक्के मारून काढत नाही, असं तिचं म्हणणं. ताई, राग मानू नकोस. छत्रीसुद्धा साबणाने धुणारी तू, तुझ्या घरात हा शर्ट इतके महिने बिनधुता कसा राहिला? कॉलरला त्यांच्या डोकेदुखीच्या तेलाचा वास तसाच होता. आणि शर्ट कुणी उशीच्या अभ्र्यात ठेवतं का? मी हे लियाओबाईंना सांगितलेलं नाही.

माझे हे भित्रे खरे, पण झोपेत माझी बाही धरून ठेवायचे. आता बाही मोकळी असते आणि मला झोप येत नाही. कुठे सांडलेत, कुणाच्या अंगणात थंडीत उभे आहेत, कोण जाणे. गुडघ्यांना शेक घे.

तुझी धाकटी,
यिन-हुआ

ता. क. तू इकडे येऊन रडून जा. इथे तुला कुणी ओळखत नाही, खंबीरपणाला धक्का लागणार नाही. बाहेरची खोली तुम्हा दोघांना देते, मी बाजारात जाईन आणि भाव करत बसेन. बसचं अर्धं भाडं माझं (देवळाच्या खर्चात मांडते).

आणखी एक. उशीर करू नकोस. हे भाऊजी भांडी घासतात, न सांगता कचरा टाकतात, छप्परही रंगवतो म्हणाले. मला सवय लागत चालली आहे, आणि तीच भीती जास्त आहे.

शेवटचं. पाकिटावरचा पत्ता मी लिहिलेला नाही. मी चष्मा शोधत होते तोवर त्यांनी तो लिहून टाकला, मला न विचारता, डाव्या हाताने. तू अक्षर ओळखलं असशील, आणि पाकीट फोडायच्या आधीच दारात बसून जे व्हायचं ते झालं असेल. तसं असेल तर येऊ नकोस, भाडं वाचलं. पण पोटभर रडलीस की अर्धवट, तेवढं खरंखरं उलट टपाली कळव.