डुकरांनी न उकरलेले खड्डे

ता. ९ ऑक्टोबर

ती. मावशी,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? हे पत्र काकांकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा शोध आणि स्वतः वाच.

मी बरी आहे. खोलीत नवा पंखा बसवलाय, तो फिरायला लागला की आता अंगावर पडतो की काय असं वाटतं. वनखात्याच्या कचेरीत मला खिडकीजवळचं टेबल मिळालंय. आईनं सांगितलं असेलच, तिच्या पोटात काही राहत नाही.

गेल्या आठवड्यात आपल्या कंदांच्या उतारावर मोजणीला गेलो होतो. कुंपण घातल्याला तीन वर्षं झाली. तेव्हा दोनशेच्या वर वेल होते, या वेळी एकतीस. साहेब चक्रावले. कुंपण धड आहे, डुकरं आत येत नाहीत, मग वेल जातात कुठे? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते आणि मी जमिनीकडे.

मला माहीत होतं. तूच शिकवलंस ना, कंदाचा खालचा भाग घ्यायचा, वेलासकट वरचा भाग परत खड्ड्यात ठेवायचा आणि भुसभुशीत माती लोटायची. खणलंच नाही तर माती घट्ट होते, कंद आतच गुदमरतो.

पहिल्या मोजणीला साहेबांनी विचारलं होतं, हे बुजवलेले खड्डे कुणाचे? मी म्हणाले, "रानडुकरांचे."

डुक्कर उकरतं, बुजवत नाही. पण मी त्याच भागातली, म्हणून त्यांनी विश्वास ठेवला. माझ्या शब्दावर अहवाल झाला, अहवालावरून कुंपण आलं आणि फाटकावरच्या रखवालदारानं तुला कुदळीसकट परत पाठवलं. तू आईला म्हणालीस, पोरगी तिथंच आहे, ती सांगेल त्यांना. मी तुला साधं पत्रही लिहिलं नाही.

तुला दंड होऊ नये म्हणून खोटं बोलले, अशी मी इतके दिवस मनाची समजूत घातली. ते खरं नाही. त्या दिवशी जीपमध्ये सगळे टिंगल करत होते, डोंगरातली माणसं खणून खणून जंगल संपवतात म्हणून. मीही हसले होते. त्यानंतर माझी मावशी खणते हे सांगायला जीभ रेटेना. मला तुझी लाज वाटली, मावशी.

काल साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी जुना अहवाल काढून पुन्हा वाचला. मग म्हणाले, "तुमच्या मावशींना बोलवून घ्या. त्यांनी कसं खणायचं ते दाखवलं तर फाटक उघडू."

मी म्हणाले, "बोलवायचं नाही. तुम्ही त्यांच्या दारी जाऊन विचारा."

सोमवारी ते येतील. हो म्हण, नाही म्हण, तुझी मर्जी. मी त्यांच्याबरोबर येणार नाही. त्यांच्यादेखत तू मला बोलणार नाहीस आणि तशी सूट मला नको आहे. तू बोलावलंस तर एकटी येईन.

तुझी म्हणवून घ्यायला लाजलेली,
भाची