तपकिरी कोटाचा डावा खिसा

आई,

काल दुपारी तू क्रिकेटच्या मैदानाजवळ बाकावर पाठमोरी बसलेली दिसलीस. मला वेड लागलेलं नाही. तू जाऊन बारा वर्षं झाली हे मला चांगलं ठाऊक आहे, तेव्हा लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. पण कोट तुझाच होता. तोच तपकिरी, जाड लोकरीचा, कॉलर झिजलेला. आणि बसणंही तुझंच, डाव्या खांद्यातून कलंडलेलं. मी दूध आणि ब्रेड घेऊन घरी परतत होते. चार वाजायला आले होते. गेल्या रविवारी घड्याळं तासभर मागे केल्यापासून चारलाच उजेड काढता पाय घेतो, आणि मैदानावर गुडघाभर धुकं साचलं होतं. मी पिशवी धरून तशीच उभी राहिले. हाक मारायला तोंड उघडलं आणि पटकन मिटलं. हाक मारली आणि तू खरंच वळलीस, तर काय करणार होते मी?

तो कोट मला कधीच आवडला नाही, हे आता सांगायला हरकत नाही. हाय स्ट्रीटवरच्या ड्राय क्लीनर्सच्या मागच्या खोलीत तू मशीनवर बसायचीस, अर्ध्या गावाच्या पँटी आखूड करायचीस, चेन बदलायचीस. कुणीतरी धुवायला टाकलेला आणि कधीच परत न नेलेला हा कोट मालकाने वर्षभर वाट बघून तुला देऊन टाकला. काय खूश झालीस तू! त्याचं तिसरं बटण नव्हतं, तर माझ्या शाळेच्या कार्डिगनचं हिरवं बटण लावलंस. वर मलाच म्हणालीस, "कळतंय कुणाला?" सगळ्यांना कळायचं गं. शाळेच्या फाटकाशी मला आधी ते हिरवं बटण दिसायचं आणि मग तू. चर्चच्या भिंतीलगतची चेस्टनटची झाडं पिवळी पडली की कोट बाहेर निघायचा, आणि खाली पडलेली ती गुळगुळीत तपकिरी फळं, इथले लोक कॉन्कर म्हणतात ती, उचलून तू डाव्या खिशात भरायचीस. घराच्या कोपऱ्यात कॉन्कर ठेवले की कोळी येत नाहीत, असं तुला शेजारणीने सांगितलं होतं. "आपल्याकडे दाराला लिंबू बांधतात, यांच्याकडे हे," एवढं म्हणून तू ते आपलंसं करून टाकलंस. मग काय, घरभर कॉन्कर. माझ्या पेन्सिलच्या डब्यातसुद्धा.

त्या कॉन्करांनीच शेवटी खिसा फाटला. तोवर तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आला होता आणि ऑपरेशनच्या यादीत तुझा नंबर काही लागत नव्हता. साऱ्या गावाचे खिसे शिवलेली तू, पण तुला सुईचं नेढं दिसेना. "सगळं अस्तरात घरंगळतं गं," म्हणायचीस, "चालताना वाटतं, मागून कुणीतरी गोट्या खेळत येतंय. एवढा खिसा शिवून दे ना." आणि मी बेसिंगस्टोकहून ऑफिस संपवून तुझ्या दारात पोचायचे तेव्हा बाहेर अंधार झालेला असायचा. मी सुई मागितली की तुझं ठरलेलं उत्तर. "दिवे लागले. आता घरात सुई धरायची नाही."

"अगं आई, आत्ताशी साडेपाच वाजलेत! दुकानं उघडी आहेत."

"वाजू देत. तिन्हीसांजेला सुई नाही म्हणजे नाही."

"आणि दुकानात ट्यूबलाइटखाली शिवायचीस तेव्हा?"

"ते त्यांचं दुकान. हे माझं घर. रविवारी ये, उजेडाची."

पहिल्या रविवारी मला सर्दी होती. दुसऱ्या रविवारी विसरले. तिसऱ्या रविवारी सकाळीच फोन करून सांगितलं की ऑफिसचं काम निघालंय, संपलं की येते. पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. तू खिडकीशी कोट मांडीवर घेऊन बसली होतीस, स्वयंपाकघरातला दिवा लावलेला. तू रागावली नाहीस, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "असू दे," म्हणालीस, "दमली असशील. कोटात तुझ्यासाठी ठेवलंय. पुढच्या रविवारी उजेडाची आलीस की घे." मी विचारलं, काय ठेवलंय? तर म्हणालीस, "आलीस की बघ." बुधवारी तू गेलीस, त्याच खुर्चीत, शेजारी अर्धा कप चहा.

नॉटिंगहॅमच्या मावशीने फोनवर बजावलं होतं. "कपडे धुऊन, फाटलं असेल ते शिवून, मग दुसऱ्या गावात दे. तिथल्या तिथे देऊ नकोस, बाई." मी हो म्हटलं आणि पाचव्या दिवशी सगळं काळ्या पिशव्यांत कोंबून हाय स्ट्रीटच्या चॅरिटी शॉपमध्ये नेऊन टाकलं, तुझ्या ड्राय क्लीनर्सच्या समोरच. मला ते हुकावरचं कोटाचं ध्यान नजरेसमोरून जायला हवं होतं. धुणं नाही, शिवणं नाही, खिशात हातसुद्धा घातला नाही. तीन दिवसांनी भांडी घासताना तुझे शब्द आठवले. धावत गेले, तर कोट आदल्या दिवशीच विकला गेलेला.

तेव्हापासून दर शरदात तो कोट या गावात हिंडतो, आई. केमिस्टच्या रांगेत, लायब्ररीच्या पायऱ्यांवर, बसच्या काचेतून दिसणाऱ्या फुटपाथवर. नेहमी पाठमोरा, नेहमी डावीकडे झुकलेला, अगदी तुझ्यासारखा. मी बसमधून उतरून मागे जाईपर्यंत रस्ता रिकामा आणि ओल्या पानांचा चिखल. एवढंसं गाव हे, इथे दोनदा शिंकलं तर तिसऱ्या दिवशी लोक तब्येत विचारतात, पण बारा वर्षांत त्या कोटाचा चेहरा मला दिसला नाही. त्यात तू काय ठेवलं असशील, याचा मी किती विचार केला म्हणून सांगू. तुझी बांगडी? चिठ्ठी? खरं तर मला वस्तू नकोच होती. तू माझ्यावर रागावून गेलीस की नाही, तेवढं कळायला हवं होतं, आणि ते त्या खिशात आहे असं मी मनाशी धरून बसले होते.

तर काल मी बाकाला वळसा घालून समोर गेले. हिरवं बटण जागेवर होतं. त्याच्या वर चेहऱ्याच्या जागी पेंढा भरलेला उशीचा अभ्रा होता आणि त्यावर काळ्या मार्करने काढलेलं हसणारं तोंड. बाह्यांतून हातमोजे लोंबत होते. बॉनफायरचं बाहुलं होतं ते. आठवतं ना, या देशातल्या पहिल्या वर्षी ते शेकोटीवर चढवलेलं बघून तू म्हणाली होतीस, "अगंबाई, ही तर यांची होळीच की!" तशीच होळी संध्याकाळी सहाला पेटणार होती. मैदानाच्या मधोमध लाकडं रचून तयार होती. तुला एकदा मी अग्नी दिला होता. परत एकदा, तेही माझ्यादेखत?

चॅरिटी शॉप चालवणाऱ्या बाईच बॉनफायरचंही बघतात. त्या फटाक्यांचे खोके मोजत होत्या. मी सांगितलं, हा कोट माझ्या आईचा आहे, मला परत हवा. त्या म्हणाल्या की गावातल्या एका म्हाताऱ्या बाई तो बारा वर्षं वापरत होत्या, उन्हाळ्यात त्या वारल्या आणि कोट दुकानात परत आला. "मी विकायलाच ठेवणार होते, लव्ह. घालून बघितला. तर अंग आपोआप डावीकडे जायला लागलं. खिशात हात घातला आणि..." त्या थांबल्या, उगाच हसल्या. "सिली, आय नो. पण मला वाटलं, आत आधीच कुणाचा तरी हात आहे. म्हटलं, जाळलेला बरा."

पण बाहुल्याला काहीतरी घालायला हवंच होतं, म्हणून मी माझा निळा कोट काढून दिला. तुझा कोट त्या पेंढ्याच्या अंगातून मीच काढला, एकेक बाही हलकेच सोडवत. शेवटच्या दिवशी तुला साडी नेसवताना तुझे हात असेच जड लागले होते. बाईंनी माझा कोट चढवून बटणं लावली आणि बाहुलं पुन्हा बाकावर बसवलं. मी फाटकातून मागे वळून बघितलं, तर बाकावर मी बसले होते. घरी आल्यावर लक्षात आलं की माझा वाचायचा चष्मा त्याच निळ्या कोटाच्या खिशात राहिला. तोवर सहा वाजून गेले होते आणि धूर आपल्या गल्लीपर्यंत आला होता.

मग स्वयंपाकघरात दिव्याखाली बसून मी खिशात हात घातला. हाताला हात लागला नाही, खोटं कशाला सांगू. भोकातून बोटं खाली अस्तरात गेली आणि हाताला लागले ते वाळून सुरकुतलेले कॉन्कर, अक्षरं उडालेलं बसचं तिकीट, आणि तपकिरी दोऱ्याचं रीळ, त्यात खोचलेली सुई. बस्स. मी खिसा उलटा केला, अस्तर चाचपून काढलं. दुसरं काही नव्हतं. आई, मी बारा वर्षं ज्याच्या मागे धावले ते तू माझ्यासाठी काम ठेवलं होतंस होय! मी मोठ्यांदा हसले, आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडले. दोरा ओवायला गेले तर चष्म्याशिवाय मला नेढं दिसेना, तुझ्यासारखंच. आणि दिवे तर लागलेले होते. नेढ्यावरून बोट फिरवलं, दोरा नाही, नुसती मोकळी सुई. ती रिळात परत खोचून मी कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि त्याला म्हणाले, "उद्या रविवार आहे. उजेडात शिवते."

आज सकाळी खाली आले तर सुईत दोरा ओवलेला होता. दुहेरी, हातभर, टोकाला तीन वेढ्यांची गाठ, तू मारायचीस तशी. घरात मी एकटीच असते हे तुला माहीत आहे. कदाचित काल तो ओवलेलाच असेल आणि मला दिसला नसेल. मी तसंच म्हणायचं ठरवलंय. खिडकीशी बसून खिसा शिवला. वाकडातिकडा झालाय, तू असतीस तर उसवून पुन्हा शिवायला लावला असतास. कॉन्कर, रीळ सगळं काढून ठेवलंय, आता कोटात ओढ बसावी असं काहीच नाही. तरी खुर्चीवर तो अजून डावीकडेच कलंडलाय. डावीकडे मी लिहायला बसले आहे.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. घडी घालून डाव्या खिशात ठेवेन, आता तिथून काही पडायचं नाही. फक्त एक राहिलं. त्या तिसऱ्या रविवारी ऑफिसचं काम वगैरे काही नव्हतं, आई. दुपारी दोनपासून मी गार्डन सेंटरच्या कॅफेत कॉफी घेऊन बसले होते, एकटीच, दिवे लागायची वाट बघत.