जावईबापूंचं डावं-उजवं

४ नोव्हेंबर, मंगळवार

लोडरला बसवलेला नवा झाडू डावीकडे वळतो, उजवीकडे वळतो, पाणीही उडतं. बायकोने ओट्याच्या खिडकीतून पाहून तिन्हींना दुजोरा दिला.

तिला जे दिसलं नाही ते असं — डावं बटण दाबलं की झाडू उजवीकडे वळतो. उजवं दाबलं की डावीकडे. पाण्याचं बटण मुकं आहे. पाणी हॉर्नने उडतं.

मी कुणालाच काही बोललो नाही. वायरिंग जावईबापूंनी केलंय.

आपला लोडर जुना. बादलीत माती उचलायची, जागच्या जागी गिरकी घ्यायची, ओतायची — तेवढ्याला तेलाचे पाइप पुरतात. पण या गोल झाडूला वीजही लागते. तिरका करायला वीज, धूळ बसवायच्या पंपाला वीज. म्हणून केबिनमध्ये तीन बटणं, पुढे प्लग, प्लगमध्ये झाडूची वायर. जावईबापूंनी सगळं इस्त्रीच्या शर्टात बसवलं. शर्टाला डाग नाही!

हात पुसत म्हणाले, "बाबा, तपासून घ्या. काही असेल तर निःसंकोच सांगा."

"छे! काय असणार!" — मी.

५ नोव्हेंबर

लेकीचा फोन. "बाबा, यांचं काम कसं झालं?"

फर्स्ट क्लास, म्हटलं.

"मग यांना धंद्यात घेताय ना?"

लिफ्ट-दुरुस्तीची कंपनी बंद पडल्यापासून हा माणूस घरी आहे. घरातले सगळे पंखे दुरुस्त करून झाले — बिघडलेले आणि न बिघडलेलेही. लेक आता मिक्सर लपवून ठेवते. तिला सांगितलं, शनिवारी गोदामाच्या मॅनेजरसमोर झाडू चालवून दाखवायचाय. आवार झाडायचं वर्षभराचं काम आहे. मिळालं तर दोघांना पुरेल. नाही तर बादली आणि मी.

"आणि त्यांना काही बोलू नका हं. लगेच मनाला लावून घेतात."

कोण बोलतंय!

शेवटी बायकोला सांगितलं. पोटात राहीना. ती म्हणाली, "अहो, ते लिफ्टवाले. त्यांना वर आणि खाली. डावं-उजवं कधी लागलंय?" मग दारात थांबून — "पण तुम्ही तोंड उघडू नका. जावई आहेत."

६ नोव्हेंबर

ठरलं. वायरिंगला हात लावायचा नाही, आपल्या हातालाच वळण लावायचं. घरामागच्या मोकळ्या जागेत दिवसभर सराव. डावीकडे हवंय? उजवं दाब. धूळ उडतेय? हॉर्न दाब.

शेजारचा शिंपी कुंपणापाशी उभा. "एकच कोपरा किती झाडाल? जमीन संपेल!"

बाजूला व्हावा म्हणून हॉर्न दिला. विसरलोच!

"अहो, तोंडाने सांगितलं असतं तर झालो नसतो का बाजूला?"

हॉर्न दिला होता की, म्हटलं.

"दिलात की ओतलात?"

बायकोने त्याला टॉवेल दिला आणि माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं इथे लिहिता येत नाही.

७ नोव्हेंबर

हात बसला! एकदाही चूक नाही. जेवताना बायकोने पाणी मागितलं तर मीठ पुढे केलं, पण ते चालायचंच.

संध्याकाळी जावईबापू आले. "सहज आलो. उद्या आहे ना, प्लग पुसून ठेवतो." बराच वेळ केबिनमध्ये वाकून होते. निघताना चेहरा मोकळा. "बाबा, उद्या बिनधास्त जा."

मला भरून आलं. किती काळजी करतो! अशा माणसाला दोन वायरींवरून काय बोलायचं?

८ नोव्हेंबर, शनिवार

बोललो.

आवार मोठं. जावईबापूही सोबत आलेले. मॅनेजर उजव्या बाजूला, पांढऱ्या शर्टात. म्हणजे धूळ डावीकडे जायला हवी, झाडू डावीकडे वळायला हवा. मी झोकात उजवं बटण दाबलं. झाडू उजवीकडे गेला!

पुन्हा दाबलं. आणखी उजवीकडे. मॅनेजर दिसेनासा झाला. धूळ बसवायला हॉर्न दाबला — नुसताच हॉर्न वाजला! आंधळ्या ढगात उभ्या माणसाला मी वर हॉर्न देत होतो.

मशीन बंद केलं आणि तोंडातून निघून गेलं, "अरे गाढवा! वायरी कुणी बदलल्या?"

जावईबापू लाल झाले. आणि मग —

"मीच बदलल्या! दोन दिवस उलटी बटणं दाबत बसलात, एका शब्दाने सांगता येत नव्हतं? मी समोर उभा राहून डावं-उजवं धरलं, झाली चूक! सासूबाई तुमच्या लेकीला सांगणार, ती मला सांगणार, वर म्हणणार बाबांना कळू देऊ नका!"

"तुला सांगणार कसं? तू जावई!"

"आणि आता?"

"आता गाढव!"

ढगातून मॅनेजरचा आवाज आला, "हे तुमचे कोण?"

"जावई," मी म्हटलं. "वायरमन," तो म्हणाला. एकदमच.

पुन्हा प्रयत्न केला. पण दोन दिवस शिकवलेला हात ऐकेना, डावीकडे म्हटलं की उजवीकडेच. शेवटी तोच वर चढला. "उतरा, बाबा." वायरिंग तपासता तपासता लोडरही शिकला होता म्हणे. अख्खं आवार झाडलं. भिंतींच्या कडासुद्धा. मी खाली, शर्ट झटकणाऱ्या मॅनेजरशेजारी. तो एवढंच म्हणाला, "कळवतो."

परतताना ट्रक मी चालवत होतो. काम गेलं, आणि जावयाला चारचौघांत गाढव म्हटलं. आता लेकीला काय सांगू? तेवढ्यात त्यानेच तिला फोन लावला. "ऐक ना! बाबा मला 'तू' म्हणाले! हो! गाढवसुद्धा!" बढतीची बातमी असावी असा आवाज.

९ नोव्हेंबर

फोन नाही. बायकोही काही बोलत नाही. हे जास्त वाईट.

१० नोव्हेंबर

मॅनेजरचा फोन. काम मिळालं — वर्षभराचं! अट एकच. लोडर 'त्या गाढवानेच' चालवायचा.

जावयाला सांगितलं. त्याने क्षणभर विचार केला. "ठीक आहे, बाबा. तुम्हालाही ठेवून घेतो."

उद्या उजाडताच निघायचंय. पाण्याची टाकी मी भरायची, झाडूत गुंतलेल्या सुतळ्या मी काढायच्या. उशीर चालणार नाही, असं बजावून गेलाय.